लाईन दिली म्हणजे काम संपलं का?

"अक्का, वडगावातनं लिहितेय. घरी फायबरचं कनेक्शन घेऊन दोन वर्षं झाली. गल्लीतल्याच केबलवाल्यानं जोडून दिलंय. महिन्याला सहाशे रुपये, आजवर एकदाही थकवले नाहीत. गेल्या महिन्यापासून घरात कुणीही फोनवर काही उघडलं की मध्येच भलतंच पान येतंय. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे', 'तुम्हाला बक्षीस लागलंय', असलं काहीतरी. माझ्या फोनवर, मुलीच्या, सासऱ्यांच्या, सगळ्यांच्याच. मैत्रिणीकडं गेले की काही नाही. त्यातच मागच्या आठवड्यात सासरे लाइटबिल भरायला बसले. हेस्कॉमसारखंच दिसणारं पान आलं. त्यांनी कार्डाचा नंबर घातला, ओटीपी घातला आणि खात्यातनं साडेअठरा हजार गेले. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन कार्ड बंद केलं, पुढं काही केलं नाही. तेव्हापासून ते फोनला हात लावत नाहीत, जेवतानासुद्धा बोलत नाहीत. हे घडायच्या आधी मला इंग्रजीत एक मेसेज आला होता, तुमच्या कनेक्शनवरच्या उपकरणात मालवेअर (घातकी सॉफ्टवेअर) असू शकतं म्हणून. मला वाटलं हीच फसवणूक, पुसून टाकला. केबलवाल्याला विचारलं तर म्हणाला, 'वहिनी, आमचं काम लाईन द्यायचं. आत काय येतंय ते तुमचं तुम्ही बघायचं.' पैसे घेणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही काय? भांडायची मात्र इच्छा नाही. गणपतीत त्याचीच माणसं आमच्या मंडपात राबतात."

ताई, आधी सासऱ्यांच्या पैशाचं बघू, कारण तिथं दिवस मोजले जातात.

आजच १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीत पैसे गेले तर कळवायचा हा देशभरचा नंबर आहे. पहिल्या तासाभरात फोन गेला तर पैसे वाटेतच गोठवता येण्याची शक्यता सर्वात जास्त असते. तुमच्याकडून तो तास गेला, पण म्हणून तक्रार सोडून देऊ नका. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर नोंद करा आणि तिचा क्रमांक घेऊन बेळगावच्या सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या पोलीस ठाण्यात जा. बँकेत कार्ड बंद केलंत ते चांगलं केलंत, आता लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकावर काही भार पडत नाही. सासऱ्यांनी स्वतः ओटीपी घातलाय, त्यामुळे बँक ही तुमचीच चूक म्हणणार, हे मनाशी धरून जा. तरीही ग्राहकाचीच चूक होती हे सिद्ध करायचं काम त्या परिपत्रकानं बँकेवर टाकलंय, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

आता ते जेवतानाही बोलत नाहीत, त्याबद्दल. त्यांना पुढचं सगळं वाचून दाखवा. कारण तुमच्या पत्रावरून मला जे दिसतंय त्यात त्यांचा दोष फार कमी आहे. ते भलतं पान त्यांनी शोधून काढलेलं नाही. तुमच्याच घरातल्या पेटीनं ते त्यांच्या पुढ्यात आणून ठेवलं असण्याची दाट शक्यता आहे.

असं का म्हणते ते सांगते. एकाच घरातले सगळे फोन एकाच वेळी बिघडत नाहीत. बिघाड वायफायवर दिसतो आणि मैत्रिणीकडे दिसत नाही, म्हणजे शंका भिंतीवरच्या त्या पेटीवर, राऊटरवर जाते. घरच्या घरी तपासता येतं. एक पान वायफायवर उघडा, मग वायफाय बंद करून मोबाईलच्या डेटावर तेच उघडा. वायफायवर भलतं पान आलं आणि डेटावर आलं नाही, तर समजा की रोग बहुधा राऊटरमध्ये आहे.

होतं असं. आपण वेबसाइटचं नाव टाकतो, पण फोनला हवा असतो आकड्यातला पत्ता. तो पत्ता सांगणारी जी यंत्रणा असते तिला डीएनएस म्हणतात. कुणाला विचारायचं ते साधारणपणे राऊटर ठरवतो. खडेबाजारात एखाद्या नवख्या माणसानं नार्वेकर गल्ली कुठं म्हणून विचारावं आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्यानं जाणूनबुजून त्याला दुसऱ्याच बोळात धाडावं, तसं हे. चोर तुमच्या फोनला हातही लावत नाही. राऊटरमध्ये शिरून तो फक्त पत्ता सांगणारा माणूस बदलतो. मग तुम्ही नाव बरोबर टाकलंत तरी पोचता भलतीकडे. अशा वेळी फोन पुष्कळदा इशारा देतो. पण बिल भरायच्या घाईत, साठी उलटलेल्या माणसाच्या डोळ्यांना तो कितीसा दिसणार?

चोर राऊटरमध्ये शिरतो कसा, ते मी माझ्याच घरी बघितलंय. तीन वर्षांपूर्वी लाईनमन आला, टीव्हीमागं पांढरी पेटी ठोकली, वायफायचा पासवर्ड म्हणून माझाच मोबाईल नंबर टाकला आणि तो बॉलपेननं भिंतीवर लिहून गेला. वीस मिनिटांत काम आटोपलं. पुढं सुट्टीला आलेल्या भाच्यानं ती पेटी उलटी केली. खाली स्टिकर होता, त्यावर बारीक अक्षरात १९२.१६८.१.१ आणि त्याखाली नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. त्यानं फोनवर तो आकडा टाकला, दोन्ही रकान्यांत ॲडमिन लिहिलं आणि राऊटरची सगळी आतली पानं उघडली. कोण जोडलंय, पत्ता कुणाला विचारायचा, बाहेरून कुणाला आत येऊ द्यायचं, सगळं तिथं होतं. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि पेटीच्या आत शिरायचा वेगळा, हे मला त्या दिवशी कळलं. घराला कडी घालून मी निर्धास्त झोपत होते आणि तिजोरीची किल्ली तिजोरीवरच चिकटवलेली होती. लाईनमननं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःला तरी कुणी सांगितलं असेल की नाही, कोण जाणे.

हा प्रकार जगभर चालतो. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरनं घरोघरचे राऊटर आणि सीसीटीव्ही कॅमेरे असेच ताब्यात घेतले. त्याच्याकडे कंपन्यांनी घालून दिलेल्या मूळच्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती, आणि तेवढी पुरली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अशाच उपकरणांच्या फौजेनं डीएनएस पुरवणाऱ्या एका मोठ्या अमेरिकन कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळल्या. जुलै २०१७ मध्ये तर आपल्या कर्नाटकातच बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमांवर हल्ला झाला. ज्यांचा मूळचा पासवर्ड बदललेला नव्हता ते मोडेम बंद पडले आणि कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदला म्हणून सांगावं लागलं. त्या ग्राहकांतल्या कितीजणांना मोडेमला पासवर्ड असतो हे तरी आधी ठाऊक असेल?

म्हणून तुमच्या केबलवाल्याचं वाक्य मला अर्धंच पटतं.

पटतं ते आधी. राकसकोप तलावाचं पाणी गाळून, औषध घालून नळापर्यंत आणायचं काम पाणीपुरवठ्याचं. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं तर ते आपलं. इंटरनेटचंही बरंचसं तसंच, पण एक मोठा फरक आहे. पाणी वाटेत तपासता येतं. आजकाल बँकेचं, व्हॉट्सॲपचं, बहुतेक साइटचं सगळं जाणंयेणं बंद लिफाफ्यातून होतं. कंपनीला लिफाफ्यावरचं नाव बहुधा दिसतं, आतलं पत्र दिसत नाही, आणि ते दिसू नये हेच आपल्या भल्याचं आहे. तेव्हा सासऱ्यांनी कुठल्या रकान्यात काय टाइप केलं हे केबलवाल्याला कळावं अशी अपेक्षा धरता येत नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल आली आणि आपण ती उघडून फोनमध्ये बसवली, तर तेही तो अडवू शकत नाही. एवढं त्याच्या बाजूनं.

पण ती पेटी त्यानं आणली. त्यानं भिंतीवर ठोकली. तिचा आतला पासवर्ड कोणता ठेवायचा हे त्यानं ठरवलं, की तसाच सोडला. बऱ्याच कंपन्या आपल्या कार्यालयातून ग्राहकाच्या राऊटरमध्ये दूरवरून शिरून सेटिंग बदलू शकतात. लाईन बिघडली की माणूस न पाठवता दुरुस्त करतात ते याच वाटेनं. ती वाट फक्त कंपनीपुरती ठेवायची की साऱ्या दुनियेला उघडी सोडायची, हे तुम्ही ठरवू शकत नाही. तो ठरवतो. मग 'आत काय येतंय ते तुमचं तुम्ही बघा' हे वाक्य या पेटीला लागू होत नाही. अगदी ठामपणे सांगते, ताई, इथं जबाबदारी त्याची आहे.

दुसरी जबाबदारी त्या मेसेजची. तो बहुधा खरा होता. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेनं २०१७ च्या फेब्रुवारीत सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. देशातल्या कुठल्या आयपी पत्त्यांवरून (इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यांवरून) मालवेअरची हालचाल दिसते याची माहिती ते इंटरनेट कंपन्यांना देतं, आणि कंपनीनं ती आपल्या ग्राहकापर्यंत पोचवावी अशी रचना आहे. घरगुती लाईनवर पुष्कळदा बरीच घरं बाहेरून एकाच आयपी पत्त्यामागं असतात, त्यामुळे त्यातलं नेमकं घर कुठलं हे कंपनीच तिच्या नोंदी बघून सांगू शकते. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाप्रमाणे तिला त्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. म्हणजे तुमच्या घरात बिघाड आहे हे तुमच्या आधी ज्याला कळू शकतं तो तुमचा इंटरनेटवाला. त्यानं ते एका इंग्रजी मेसेजात कळवलं आणि हात झटकले, तर ते कळवणं नव्हे.

तुम्ही तो पुसलात यात तुमचं काही चुकलं नाही. रोज दहा खोटे मेसेज येत असताना अकरावा खरा कसा ओळखायचा? थोडं लक्षात ठेवा. मे २०२५ पासून मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं. सरकारी मेसेजच्या शेवटी जी, सेवेच्या मेसेजला एस, व्यवहाराच्या मेसेजला टी आणि जाहिरातीला पी. दहा आकडी मोबाईल नंबरवरून 'सरकारी' सूचना आली तर तिच्यावर विश्वास नको. खरा मेसेज पैसे मागत नाही, ओटीपी मागत नाही, घाईही करत नाही. त्यातल्या दुव्याला हात न लावता सीएसके डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करा. तिथं मालवेअर काढायची फुकट साधनं आहेत. मुलगी कॉम्प्युटर वापरत असेल तर तो एकदा तपासून घ्या.

आणि भाषेचं बोलायलाच हवं. आपल्या भागात माणूस घरात मराठी बोलतो, बाजारात कानडी, बँकेत हिंदी. घरातल्या तीन पिढ्यांना तीन लिप्या कमीजास्त येतात. रिचार्ज संपला की हाच केबलवाला गल्लीत थांबवून मराठीत आठवण करून देतो. मग घराला धोका आहे हे सांगताना फक्त इंग्रजी का? कानडीत सांगा, मराठीत सांगा, ज्याला जी समजते तीत सांगा, पण फोन उचलून सांगा. मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात जास्त लागलं ते हेच. सूचना आली होती, वेळेत आली होती, आणि ज्या घरासाठी होती त्या घरापर्यंत पोचलीच नाही.

आता त्याच्याशी बोलायचं कसं. भांडू नका, तशी गरजही नाही. त्याला घरी बोलवा, चहा द्या, आणि पेटीसमोर उभं करून कामं सांगा. राऊटर तुम्ही स्वतः रीसेट करू नका. मागच्या बारीक छिद्रात काडी घातली की त्यानं भरलेली लाईनची माहितीही पुसली जाते आणि नेट पूर्ण बंद पडतं. ते त्याच्याच हातून होऊ दे. पुसून नव्यानं भरलं की बदललेला पत्ता जातो. मग आतला पासवर्ड बदलून घ्या आणि तो तुम्हालाही सांगायला लावा. राऊटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, ताजं करायला सांगा. पेटी इतकी जुनी असेल की तिला नवं सॉफ्टवेअर येतच नाही, तर ती बदलून मागा. पेटी त्याची असेल, डिपॉझिट भरून दिलेली असेल, तर हे मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बाहेरून आत यायची वाट बंद करून फक्त त्याच्या कार्यालयापुरती ठेवायला सांगा. आणि यापुढं तुमच्या लाईनबद्दल काही सूचना आली तर मेसेजवर न थांबता तुम्हाला फोन करायचा, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या. गल्लीतला माणूस दिलेला शब्द सहसा मोडत नाही. तुमची ओळख इथं तुमच्या उपयोगाची आहे.

तरी त्यानं टोलवलं तर बिलावर कुणाचं नाव आहे ते बघा. केबलवाला पुष्कळदा मोठ्या कंपनीचा फ्रँचायझी असतो आणि परवाना त्या कंपनीचा असतो. कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक घ्या. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला असा नंबर द्यावाच लागतो. उत्तरानं समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांत फुकट दाद मागता येते. या पायऱ्या लोकांना ठाऊक नसतात, म्हणून 'लाईन द्यायचं आमचं काम' एवढ्यावर बोलणं संपतं.

तुमच्या मनात येईल, मग कंपनीनंच सगळ्या वाईट साइट बंद का करू नयेत? काही प्रमाणात कराव्यात, असं माझंही मत आहे. मे २०२५ मध्ये एअरटेलनं ओळखीच्या घातक साइट नेटवर्कवरच अडवायची सोय जाहीर केली, जादा पैसे न घेता. गल्लीतल्या छोट्या कंपन्यांनाही हे जमण्यासारखं आहे. पण काय अडवलंय हे ग्राहकाला कळलं पाहिजे आणि नको असेल तर ते काढून टाकता आलं पाहिजे. फसवणुकीसाठी उभारलेली भिंत उद्या दुसऱ्याच कशासाठी वापरली जाऊ नये. तुमच्या केबलवाल्याकडे ही सोय नसेल तर राऊटर नीट करतानाच पत्ता विचारायच्या, म्हणजे डीएनएसच्या रकान्यात क्वाड९ या सेवेचा ९.९.९.९ किंवा क्लाउडफ्लेअर या कंपनीचा १.१.१.२ हा आकडा घालायला सांगा. दोन्ही फुकट आहेत आणि माहितीतल्या घातक साइटचा पत्ता देतच नाहीत. आज सकाळी उभी केलेली खोटी साइट मात्र त्यांच्या यादीत नसू शकते. म्हणून बिल भरायचं ते अधिकृत ॲपमधूनच, समोर आपोआप आलेल्या पानावरून कधीच नाही.

दुकानात किंवा घरात सीसीटीव्ही असेल तर त्याचाही मूळचा पासवर्ड याच बैठकीत बदलून घ्या. तो कॅमेराही बहुधा त्याच वायफायवर असतो.

लाईनमन येईल त्या दिवशी सासऱ्यांना घरी थांबवा. त्यांच्यासमोरच पेटी उलटी करून स्टिकर वाचायला लावा, म्हणजे चूक कुठं होती ते त्यांच्या डोळ्यांना दिसेल. नवा पासवर्ड त्यांनाच ठरवू द्या. जुन्या माणसांच्या डोक्यात असे शब्द असतात की जे तुमच्या मुलीला सुचणार नाहीत आणि चोरांच्या यादीतही सहसा सापडणार नाहीत. पहिल्या मास्तरांचं नाव, विहिरीचं नाव, एखाद्या बैलाचं, त्याला जोडून दोन-तीन आकडे. त्यांच्या हातानं डायरीत लिहून कपाटात ठेवा. भिंतीवर नको. आणि पुढच्या महिन्याचं लाइटबिल त्यांच्याच हातून भरा, तुम्ही शेजारी बसून.